फिजिक्सवाल्या मुलीला मटेरियल सायन्सची वाट दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

माझा पीएचडीचा प्रवेश पक्का झाला. संस्था तुमची नाही, तरी पहिले आभार तुमचेच. ते चारचौघांत मानतेय, कारण आमच्या कोल्हापूरकडे एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या कितीतरी मुलांना अजूनही वाटतं की आयआयटीतलं मेटलर्जी (धातुशास्त्र) आणि मटेरियल सायन्स फक्त बीटेकवाल्यांसाठी असतं.

ओळख ना पाळख, तरी माझ्या ईमेलला तुम्ही सविस्तर उत्तर दिलंत. एमएस्सीवाल्यांनाही पीएचडीला अर्ज करता येतो, गेट किंवा नेट-जेआरएफ यांपैकी एक राष्ट्रीय परीक्षा पास हवी, गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो. गेटच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरात गणिताचे १५ गुण सक्तीचे, पण ३५ गुणांचा मटेरियल सायन्सचा विभाग निवडता येतो, हे मला तुमच्याकडूनच कळलं. वर बजावलंत, ‘कोणतं डिपार्टमेंट कोणता पेपर धरतं ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाच. आणि गेटमुळे फक्त मुलाखतीचं बोलावणं येतं, तिथे फेज डायग्राम, म्हणजे कोणत्या तापमानाला आणि प्रमाणाला मिश्रधातू कोणत्या रूपात असतो ते दाखवणारी आकृती, वाचता यायला हवा.’

मग तुमच्या संशोधनाबद्दल लिहिलंत, आणि मी त्यात अडकले ती अडकलेच. ॲल्युमिनियममध्ये ५४८ अंश सेल्सिअसला साडेपाच टक्क्यांहून थोडं जास्त तांबं विरघळतं, खोलीच्या तापमानाला जवळपास नाहीच. तापवून एकदम पाण्यात बुडवलं की तांब्याचे अणू आत कोंडले जातात आणि मग सावकाश गोळा होऊ लागतात. १९०६ च्या सुमारास आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला असाच मिश्रधातू नुसता ठेवून दिल्यावर कडक झालेला दिसला. त्याचं कारण, म्हणजे तांब्याच्या अणूंचे हे बारीक पुंजके, गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांनी शोधलं. तुम्ही पाठवलेल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत करड्या पार्श्वभूमीवर बारीक काळ्या रेघा होत्या. त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे जेमतेम एका अणूच्या जाडीची तांब्याची चकती, कडेने पाहिलेली! राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनातही अशाच चकत्या सापडल्यात, त्यांना पत्ताही नव्हता. हे वाचून मी तो फोटो घरच्या सगळ्यांना दाखवला होता.

मुलाखतीत मला ॲल्युमिनियम-तांब्याचाच फेज डायग्राम काढायला सांगितला. पुढचा सगळा वेळ त्याच आकृतीवर प्रश्न आले, आणि मला बोलता आलं.

तुमचं उत्तर, तुमची परवानगी घेऊन, आमच्या विभागाच्या नोटीस बोर्डवर लावलंय. यंदा दोन मुली एक्सईचा अर्ज भरतायत. त्यांच्या शंका मी तुमच्याकडे पाठवल्या तर चालेल ना?

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर