टोकियोतील यानाका पायी पाहावे

महोदय,

टोकियोला जाणारे आपले बहुतेक पर्यटक उंच इमारतींच्या झगमगाटातच रमतात, याची खंत वाटते. १९२३चा महाभूकंप आणि १९४५चे बॉम्बहल्ले यांतून बऱ्याच अंशी वाचलेली यानाका ही जुनी वस्ती निप्पोरी स्थानकापासून पायी काही मिनिटांवर असून, तेथील अरुंद गल्ल्या, लाकडी घरे आणि दाटीने वसलेली बौद्ध मंदिरे जुन्या शहराची ठेवण आजही दाखवतात. यानाका दफनभूमीत जपानचे शेवटचे शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा योशिनोबू यांची समाधी आहे. तेथेच १९५७ साली जळालेल्या पाचमजली पॅगोड्याचे केवळ पायाचे दगड उरले आहेत, आणि माझ्या मते तेही आवर्जून पाहावेत. मात्र येथे माणसे राहतात, त्यामुळे दारांत डोकावून छायाचित्रे घेणे कटाक्षाने टाळावे.

– एक वाचक