पदराला लावलेली पिन

महोदय,

क्रूझ कंपन्या नेहमीच्या प्रवाशांना देतात त्या पिना लावणे म्हणजे बडेजाव, असे आपल्याकडचे लोक सर्रास म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. क्युनार्ड या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर ७ सफरी किंवा ७० रात्री झाल्या की प्लॅटिनम, १५ सफरी किंवा १५० रात्री झाल्या की डायमंड श्रेणी मिळते. माझी अजून त्यांच्याखालची गोल्डच आहे. मुलगा लंडनला असतो, त्यामुळे साउथॅम्प्टनहून ‘क्वीन मेरी २’ने न्यूयॉर्कला जाणे होते. रात्रीच्या जेवणाला मी पैठणी नेसते आणि पदराला त्याच श्रेणीची पिन लावते. ती पाहून डायमंड पिन लावलेल्या एक आजी आपणहून बोलायला आल्या. न्यूयॉर्ककडे जाताना घड्याळ रात्री एकेक तास मागे घेतात, झोप जास्त मिळते. परतीच्या सफरीत तोच तास हातचा जातो, तेव्हा एक बाजू जहाजाने करायची तर जातानाची करा, हे त्यांनीच सांगितले. एकट्या फिरणाऱ्या माझ्यासारख्या बाईला अशी ओळख फार मोलाची असते.

मात्र पिन दाखवून लिफ्टच्या रांगेत पुढे घुसणाऱ्यांना कर्मचाऱ्यांनी सरळ मागे पाठवावे.

– एक निवृत्त शिक्षिका, ठाणे