‘थांबा ताई’ म्हणणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

लाल सायकलवाली ताई बोलतेय. सायकलचा उडालेला रंग भरायला शिकवलंत म्हणून परवा फोनवर आभार मानायला लागले तर “त्यात काय एवढं” म्हणत तुम्ही कुठल्याशा गाडीखाली शिरलात आणि फोन मुलाच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र, चारचौघांसमोर. आता शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सुटका नाही.

मेच्या शेवटी आम्ही सहा जण पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने गेलो होतो. खंबाटकी चढलो, वाईत मिसळ हाणली, पसरणी घाटात जीव मेटाकुटीला आला, सगळं रीतसर झालं. परतताना सायकली टेम्पोत घातल्या. एकीवर एक रचलेल्या, मध्ये साधी गोधडीसुद्धा नाही. पुण्यात उतरवून बघते तर शेजारच्या सायकलच्या पेडलने माझ्या वरच्या नळीवर वीतभर ओरखडा ओढलेला आणि खालच्या नळीवरचे दोन टवके उडालेले. लाल रंगातून आतलं काळं दिसत होतं. कार्बनची सायकल, तीही सेकंडहँड, दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली. त्या रात्री माझा चेहरा बघून आईला वाटलं, कुणीतरी गेलं.

मग सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणाला, पावडर कोटिंग कर, नवी कोरी दिसेल. दुसरा म्हणाला, पेंट रिमूव्हर लाव, सगळा रंग खरवड आणि नवा मार. रिमूव्हरचा डबा पिशवीत घेऊनच मी नाना पेठेत तुमच्याकडे, गाड्या रंगवणाऱ्या मामांकडे, आले होते, फक्त शेड जुळवून घ्यायला. डबा बघून तुम्ही हातातला घासायचा कागद खाली ठेवलात. “थांबा ताई. आत काय आहे?”

हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता.

कार्बन म्हटल्यावर तुम्ही नखाने टकटक केलंत आणि म्हणालात, “म्हणजे पत्रा नाही. फायबरच्या जातीचं.” मग उमेदवारीच्या काळातली ती गोष्ट सांगितलीत. फायबरच्या एका पार्टला तुम्ही रिमूव्हर फासला होता. रंग तर निघालाच, पण खालचं रेझिनही मऊ पडून जाळी उघडी झाली आणि उस्तादांनी कान पिळला. कार्बनची फ्रेम म्हणजे कापडासारखे विणलेले नाहीतर एका दिशेने लावलेले धागे, आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी नावाचं रेझिन. रिमूव्हरला रंग कोणता आणि इपॉक्सी कोणतं, हे काय कळतंय? पावडर कोटिंगचं नाव काढल्यावर तर तुम्ही हसलातच. त्यात रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवतात, आणि ती भट्टी 180-200 अंशांची. लोखंड-ॲल्युमिनियम सोसतं, हे इपॉक्सी सोसत नाही. “ती काय नानकटाई आहे?”

पण माझे खरे आभार आहेत ते तिसऱ्या जागेसाठी. पेडलच्या आसाजवळची ती केसाएवढी रेघ मला दिसलीच नव्हती. तुम्ही टॉर्च मारून बघितलीत, रुपयाने आजूबाजूला ठोकलंत. आवाज सगळीकडे सारखाच खणखणीत, तरीही म्हणालात, “हिच्यावर मी रंग लावणार नाही. आधी सायकलवाल्याला दाखवा.” रंग लावला असता तर शंभर रुपये जास्त मिळाले असते आणि खाली खरंच तडा असता, तर तो झाकला गेला असता. मेकॅनिकने तेवढी जागा पाणी लावून हलकेच घासली. चीर फक्त वरच्या क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात होती, धागे अखंड. त्या रात्री पोटभर जेवले.

बाकी काम तुम्ही माझ्याचकडून करून घेतलंत. “स्प्रे नको, हार्डनरचं क्लिअर तर घरात मुळीच नको, छातीत जातं. टूथपिकने थेंब सोडा.” शेड जुळवताना मी बाटलीच्या स्टँडखालचा रंग दाखवला, तर तुम्ही म्हणालात, तिथे ऊन लागलेलं नाही, टवका ज्या उन्हाळलेल्या लालात आहे त्याच्याशी जुळवायचं. कार्डावर ठिपका सुकवून मगच बघायचं, कारण ओला रंग फसवतो. आणि एका दमात खड्डा भरायचा नाही: वरून सुकतो, आत ओला राहतो, मग बसतो. मी चार दिवस रोज एकेक थेंब सोडत होते. घरचे म्हणाले, पोलिओचा डोस चाललाय.

मग घोटणं. 2000 नंबरचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, आणि तुमचा तो नियम, जो मी ओट्यावर चिकटवून ठेवलाय. पाणी दुधाळ आलं तर क्लिअर घासतोय, चालू दे. लाल आलं तर रंगाला लागलो, थांबा. काळं आलं तर कार्बन निघतोय, कागद टाकून द्या. कोरडं घासायचंच नाही, ती धूळ नाकात जायला नको.

एकदाच मी ऐकलं नाही. जुलैतल्या रिपरिप पावसात, घाई करून क्लिअरचा शेवटचा हात दिला आणि तो धुरकट पांढरा पडला. थिनर उडताना दमट हवेतलं पाणी धरतं म्हणालात, आणि ओरडलात नाही. उघडीप मिळाल्यावर तेवढं घोटून पुन्हा लावलं.

वीतभर ओरखडा तिरप्या उजेडात अजून दिसतो. गेल्या आठवड्यात तो पुरता घालवायला पुन्हा कागद उचलला होता. पाणी गुलाबी व्हायला लागलं. थांबले.

कफ सिरपच्या बाटलीतला उरलेला शेड मात्र दाट झालाय, थिनर किती घालायचं ते विचारायला शनिवारी येतेय. चहा माझ्याकडून. तुम्ही तेवढं गाडीखालून बाहेर या.

तुमची,
लाल सायकलवाली