आधी गेज, मग रेग्युलेटर

फोंडा, गोवा

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, तुझ्या मारुती एस्टीमसाठी घेतलेल्या पेट्रोलच्या प्रेशर रेग्युलेटरचा फोटोही पाहिला. वस्तू देखणी आहे यात वाद नाही. पण पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "बसवून प्रेशर जरा वाढवलं की एस्टीम खुलेल ना?" त्या एका ओळीमुळे सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलोय. प्रेशर वाढवून गाडी खुलत नाही रे. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर ३ बारच्या आसपास आहे असं धरूनच तो ठरवतो. तू स्क्रू पिळलास की त्याच वेळात जास्त पेट्रोल आत जाणार. ते जाळायला हवा कुठून आणणार? प्लग काळे होतील, ॲव्हरेज जाईल, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरेल, आणि पीयूसीला सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा वर जाईल. एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर शिल्लक असेल तर तोही तापून मरेल.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की त्या खोक्यातलं प्रेशर मोजायचं गेज आधी बाहेर काढ. रेग्युलेटर राहू दे खोक्यात. जुन्या रेग्युलेटरवरच गेज लाव, गाडी चालव, आकडे लिहून ठेव. ते आकडेच सांगतील की नवा रेग्युलेटर लागणार आहे की नाही.

माझ्या गाडीचं काय झालं ते ऐक. पावसाळ्यात घाट चढताना ती दम टाकायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आधी ओढायची आणि मग कुणीतरी मागून धरल्यासारखी व्हायची. एका गॅरेजात नेली. मेस्त्रीने बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि सांगून टाकलं, "पंप गेला." काही मोजलं नाही, काही उघडलं नाही. दुसऱ्याने इंजेक्टर साफ करायला सांगितले. दोघांपैकी कुणाकडेही प्रेशरचं गेज नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग आला. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीवर काम करणाऱ्या माणसाकडे हे गेज नसावं हे मला अजून पटत नाही.

मग मी गेज मागवलं, टी-जोड घालून रेलकडे पेट्रोल नेणाऱ्या फीडच्या पाइपात बसवलं, आणि लांब नळी काढून बॉनेटच्या मागच्या फटीतून वर आणली. गेज काचेवर बाहेरच्या बाजूने, वायपरखाली टेपने चिकटवलं. बाहेरच हं. पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणायची नाही, चाचणीपुरतीसुद्धा नाही. डॅशबोर्डवर कायमचा मीटर हवा असेल तर इलेक्ट्रिक सेंडरवाला घे, त्यात फक्त वायर आत येते.

भाच्याला शेजारी बसवून केरीहून चोर्ला घाटाकडे निघालो. आयडलला, म्हणजे पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना, काटा २.४ वर होता. तो तसाच हवा, कारण आयडलला मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात) व्हॅक्युम असतो आणि तो रेग्युलेटरच्या स्प्रिंगला वर ओढून प्रेशर साधारण अर्ध्या-पाऊण बारने उतरवतो. पाय दाबला की व्हॅक्युम जातो आणि काटा ३ वर यायला हवा. तो आलाही. अंजुणे धरण मागे पडून खरा चढ लागला, पाय पूर्ण खाली, आणि भाचा मोठ्याने वाचायला लागला. ३, २.८, २.५, २.२. ज्या क्षणी गाडीने दम टाकला त्याच क्षणी तो २.२ म्हणाला. इतके दिवस जे नुसतं जाणवत होतं ते त्या काट्यावर डोळ्यांनी दिसलं.

आता हे पंपामुळे की फिल्टरमुळे, की रेग्युलेटर पेट्रोल परत सोडतोय म्हणून? गाडी उभी असताना रिटर्नची, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी, रबरी नळी हलकेच क्षणभर दाबून पाहायची. दाबल्यावर प्रेशर झपकन ५ च्या वर उडालं तर पंपात दम आहे. (क्षणभरच. जास्त वेळ धरलंस तर कुठला तरी जोड सुटेल.) माझं उडालं, पण रेंगाळत, जड चढलं. म्हणून गाडीखालचा फिल्टर काढला आणि पांढऱ्या तसराळ्यात उलटा ओतला. पहिली धार चहासारखी तांबूस आली आणि मागून बारीक काळी पूड तळाशी बसली. टाकीतला गंज तो. आपल्याकडचा पावसाळा, अर्धी रिकामी टाकी आणि इथेनॉलचं पेट्रोल, तिघांचं मिळून हे होतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी पुरेसं झालं की दोघं मिळून तळाशी वेगळे बसतात. पंप ओढतो तळातूनच. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवत जा. २०१२ साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला तेव्हा तू बेळगावहून येऊन इथे टाकी काठोकाठ भरून जायचास. ती सवय आता पैशासाठी नाही तर पंपासाठी ठेव.

नवा फिल्टर घातला आणि चोर्ल्यात काटा ३ वर ठाम राहिला. पंप तोच आहे, अजून चालतोय.

मग मी रेग्युलेटर का बदलला, असं तू विचारशील. तेही गेजनेच सांगितलं. गाडी बंद केल्यावर प्रेशर धरून राहायला हवं. माझं भराभर उतरायचं आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागायचा. रिटर्नची नळी दाबून ठेवली तरी उतरतच होतं. म्हणून रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढून नाकाला लावली, तर पेट्रोलचा भपकारा, आणि टोकाला ओल. याचा अर्थ आतला डायफ्राम (रबरी पडदा) फुटलाय आणि इंजिन त्या नळीतून पेट्रोल पितंय. ही तपासणी तू आजच कर, पाच मिनिटांचं काम आहे. एस्टीम बंद होऊन इतकी वर्षं झाली की मूळ पार्ट मिळणं नशिबावर आहे, आणि मिळाला तरी त्याचं जुनं रबर २० टक्के इथेनॉलला किती टिकेल कुणास ठाऊक. म्हणून बाहेरचा घेतला, डायफ्राम बदलता येतो असा. तुझ्यावालाही तसाच दिसतोय. विकणाऱ्याला एकदा विचार की डायफ्राम इथेनॉल चालणारा आहे का आणि त्याचा किट वेगळा मिळतो का. नामांकित कंपन्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि रंगावरून त्या ओळखता येत नाहीत.

रेग्युलेटर काम कसं करतो ते एकदा नीट समजून घे, म्हणजे पाइप उलटे जोडले जाणार नाहीत. शिरोड्याकडच्या खाजनातली (नदीकाठच्या खाऱ्या शेतातली) मानस, ते पाण्याचं दार, आपण पाहिली होती ना? ओहोटीला आतलं पाणी दाराला ढकलतं, दार उघडतं, जास्तीचं पाणी नदीत जातं. भरतीला बाहेरचा दाब वाढतो आणि दार आपोआप मिटतं. रेग्युलेटर तसाच आहे. खालून पेट्रोल ढकलतं, वरून स्प्रिंग आणि मॅनिफोल्डमधली हवा दाबतात. पेट्रोलचा जोर वाढला की झडप उचलते आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जातं. म्हणजे तो पेट्रोल अडवणारा नळ नव्हे, जास्तीचं सोडून देणारं दार आहे, आणि म्हणून त्याची जागा रेलच्या आधी नाही, रेलच्या शेवटी. रेलमधून बाहेर आलेलं पेट्रोल बाजूच्या तोंडातून आत, खालच्या तोंडातून रिटर्नला, आणि वरच्या बारीक निपलला व्हॅक्युम. (तुझ्या पुतण्याला सांग, त्याच्या नव्या गाडीत याचा उपयोग नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना रिटर्न लाइनच नसते, रेग्युलेटर टाकीतच पंपाबरोबर असतो.)

आता बसवायचं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू कर, ते आपोआप बंद पडेल, मग दोन-चारदा स्टार्टर मार. रेलमधलं प्रेशर गेलं. बॅटरीची निगेटिव्ह काढ. काम अंगणात कर, बंद पोर्चमध्ये नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. बाजूच्या खोलीतला फ्रिज सुरू झाला तरी ठिणगी मिळते. पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेव. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, तूही ऐकू नकोस.

जुना रेग्युलेटर दोन बोल्टवर असतो, जागेवर ॲडॅप्टर येतो. त्याची ओ-रिंग नवी, जराशी ऑइल लावून बसव, कोरडी बसवलीस तर चिरते. रेग्युलेटरचं ब्रॅकेट फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) घे, इंजिनवर नको, आणि एक्झॉस्टपासून लांब. नळी घेताना तिच्यावर छापलेलं वाच. एसएई ३०आर९ हवी, ती इंजेक्शनच्या प्रेशरसाठी असते. ३०आर७ कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे, दिसायला तशीच आणि स्वस्त, आणि दुकानदार तीच पुढे करतो. जुबली क्लिपही साधी नको, तिच्या खाचा रबर कापतात. गोल कडांची, नटबोल्टवाली क्लिप घे.

आणि आटे. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, म्हणून सविस्तर लिहितो. गेजचं तोंड बहुतेक १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचं) असतं, इंचाला २७ आटे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात १/८ म्हटलं की बीएसपी (ब्रिटिश मापाचं) देतात, इंचाला २८. हाताने फिरवलं तर दोन-तीन आटे छान जातात आणि वाटतं की बसलं. मग पाना लावला की जड होतं, माणूस आणखी जोर लावतो, आणि ॲल्युमिनियमच्या अंगातले आटे मरतात किंवा बारीक गळती कायमची राहते. जोड हातात घेऊन आट्यांवर आटे टेकवून उजेडात बघ; फट दिसली की तो आपला नव्हे. टेफ्लॉन टेप वापरू नको, तिचे धागे सुटून थेट इंजेक्टरच्या तोंडाशी जातात. पेट्रोल चालणारं पातळ थ्रेड सीलंट मिळतं, ते लाव, पहिला आटा कोरडा सोडून. निमुळत्या तोंडाचे एएन फिटिंग असतील तर तिथे काहीच लावायचं नाही, तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं. बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून पेट्रोल जातं असा) असेल तर तांब्याचे वॉशर दोन्ही नवे.

फ्यूज घालून इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ कर, पंप दर वेळी क्षणभर चालेल. प्रत्येक जोडाभोवती कोरडं पांढरं कापड फिरव. कापड कोरडं राहिलं तरच इंजिन सुरू करायचं.

प्रेशर लावताना व्हॅक्युम नळी काढ आणि तिचं तोंड बंद कर. इंजिन आयडलला ठेवून चेकनट सैल कर, एलन की घड्याळाच्या दिशेने पिळली की काटा चढतो. ३ वर आण, चेकनट आवळ, नळी परत लाव. काटा २.४ च्या आसपास उतरला की झालं. उतरला नाही तर व्हॅक्युम पोचत नाहीये. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकदा पुन्हा बघ. ग्लिसरीन भरलेलं गेज बॉनेटखाली तापलं की आतल्या दाबामुळे चुकीचं दाखवतं. त्याच्या डोक्यावर छोटं रबरी बूच असतं, ते क्षणभर उचलून सोड आणि मग वाच.

तू म्हणशील, मग ॲडजस्टेबल घेऊन उपयोग काय? एक खरं कारण आहे. निव्वळ पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त हवं. रोजच्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, पण पाय पूर्ण दाबला की ईसीएम त्याचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्यावर चालतो. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ३ चं ३.५ केलं तर सुमारे आठ टक्के जास्त मिळतं. हिशोब जुळतो. पण एक्झॉस्टला वाइडबँड सेन्सर लावून चढावर मिश्रण मोजल्याशिवाय ३ च्या वर जाऊ नकोस. प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो कमी होतो आणि तो जास्त करंट ओढतो, हेही धर. माझा ३ वर आहे. वाइडबँड येईपर्यंत हात लावणार नाही.

विम्याच्या माणसाला बदल कळवून त्याची पोच घे. मोटार वाहन कायद्यातलं गाडीतल्या फेरफारांचं कलम ५२ वाचून काढ.

आता तुझं काम. आयडल व्हॅक्युमसह, आयडल नळी काढून, बंद केल्यावर दहा मिनिटांनी, आणि चोर्ल्याच्या चढावर पाय दाबून, हे चार आकडे मला लिहून पाठव. चढावर चालवताना तू वाचू नकोस, वहिनींना शेजारी बसव. आकडे आले की रेग्युलेटर बसवायचा की परत करायचा ते ठरवू. बसवायचा ठरला तर गाडी इकडेच घेऊन ये, आमच्या अंगणात करू. येताना बेळगावातून ३०आर९ ची नळी दोन मीटर आण, फोंड्यात मला ती मिळाली नाही. आणि कुठल्याही पाईपवाल्याकडून १/८ चा जोड घेऊ नकोस, माझ्याकडे बरोबर आट्यांचा एक शिल्लक आहे.

काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दामोदर