माझ्या माळकरी आईला निश्चिंत मनाने जेवू घालणाऱ्या आपणास

प्रति,
अलिबाग–मांडवा रस्त्यावरील इटालियन उपाहारगृहात त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या टेबलाची व्यवस्था पाहणारे गृहस्थ, यांसी

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपल्या कोटावरील पट्टीवर आपले नाव मी वाचले होते. परंतु आपल्याला न विचारता ते जाहीर पत्रात लिहिणे मला योग्य वाटले नाही, आणि त्याच कारणाने उपाहारगृहाचे नावही येथे देत नाही. हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचेल याची मला खात्री आहे. ते चारचौघांत लिहिण्याचे कारण असे की, आपण त्या संध्याकाळी जे केलेत ते आपल्या व्यवसायातील इतरांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझ्या आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, म्हणून मी त्यांना आपल्याकडे जेवायला आणले होते. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून आमच्या किनाऱ्यावर मुंबईच्या पाहुण्यांची वर्दळ फार वाढली, आणि त्यांच्यासाठी उघडलेल्या देखण्या, महागड्या उपाहारगृहांत इथली माणसे कामाला असतात, पण जेवायला सहसा बसत नाहीत. आई-बाबांनी आयुष्यात एकदा तरी तिथे पाहुण्यांच्या खुर्चीत बसावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. परंतु मनात धास्तीही होती. आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून तिने मासळी, मटण, अंडे यांना स्पर्श केलेला नाही, आणि बाबांचे जेवण तर मासळीशिवाय पुरे होत नाही. काही वर्षांपूर्वी एका समारंभात ‘शाकाहारीच आहे’ असे ठामपणे सांगून तिला जो गोड पदार्थ वाढला गेला, त्यात जिलेटिन होते, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेला पदार्थ होता, हे नंतर कळले. त्या वेळी तिने दोन दिवस अन्न घेतले नाही. तेव्हापासून बाहेर जेवताना ती दहीभाताशिवाय काही मागत नाही, आणि समारंभातही कोपऱ्यात बसून तेवढेच खाते.

आपण टेबलाशी आलात, आईच्या गळ्यातील माळ आपल्या नजरेस पडली, आणि एक शब्दही न बोलता आपण टेबलावरील वाइनचे पेले आणि वाइनची यादी उचलून नेलीत. परत आलात तेव्हा आपण एवढेच विचारलेत, “आई, कांदा-लसूण चालतो ना?” चातुर्मास नव्हता, त्यामुळे चालत होता. त्या एका प्रश्नाने आईचे खांदे सैल झालेले मी पाहिले, कारण समोरच्या माणसाला माळ म्हणजे काय हे ठाऊक आहे, हे तिला कळले होते. मेनूकार्ड इंग्रजीत आणि इटालियनमध्ये होते. ते तिच्या हाती देऊन उभे राहण्याऐवजी आपण एकेक पदार्थ मराठीत, आपल्या त्या गोड मालवणी हेलात, तो कशाचा आहे आणि कसा शिजतो यासह सांगितलात.

त्यानंतर आपण मला बाजूला बोलावून जे सांगितलेत, त्याबद्दल माझे आभार सर्वांत मोठे आहेत. मी आईसाठी टोमॅटोच्या सॉसमधील पास्ता मागवणार होते, कारण त्यात आक्षेपार्ह काही असेल असे मला वाटलेच नव्हते. आपण सांगितलेत की, त्यावर किसून घालतात ते पार्मिजानो रेज्जानो हे चीज दूध, मीठ आणि रेनेट एवढ्या तीनच वस्तूंचे असते, आणि त्यातील रेनेट हे दूध साकळवणारे द्रव्य दूधपित्या वासराच्या जठरातूनच घ्यावे लागते. इटलीतील पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना या भागांत ठरलेल्या नियमांनी ते बनते, किमान १२ महिने मुरवले जाते, आणि त्या नियमांत दुसऱ्या कोणत्याही रेनेटला जागा नाही. ग्राना पादानो या चीजलाही वासराचेच रेनेट लागते, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचे. हिरव्या रंगाच्या पेस्तो या चटणीतही ही चीजे घातलेली असतात, म्हणून तो पाल्यासारखा निष्पाप दिसला तरी तिच्यासाठी नाही. पास्त्याची आणखी एक अडचण आपण सांगितलीत, जी स्वयंपाकघरात वावरणाऱ्या माणसाशिवाय कोणाला कळली नसती: पास्ता उकळण्याचे पाणी संध्याकाळभर तेच वापरले जाते आणि त्याच पाण्यात मांसाचे सारण भरलेला पास्ताही उकळतो.

हे सारे आपण आईसमोर बोलला नाहीत, ही आपली समज मला विशेष वाटली. गाईला माय म्हणणाऱ्या बाईला जेवणाच्या पहिल्या घासाआधी वासराच्या जठराची गोष्ट ऐकवली असती, तर खरे बोलल्याचे समाधान आपल्याला मिळाले असते आणि तिचे जेवण मात्र तिथेच संपले असते. मी तिला ते घरी आल्यावर सांगितले.

आपण सुचवलात तो रिसोत्तो हा भाताचा पदार्थ, कारण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच स्वतंत्र पातेल्यात शिजतो. त्यातही सुरुवातीला तांदळावर पांढरी वाइन ओततात आणि पुढे बहुधा कोंबडीच्या हाडांचा रस्सा पळीपळीने घालतात, हे सांगून आपण दोन्ही टाळण्याची सूचना आत दिलीत. भाज्यांचे पाणी वेगळे उकळायला लावलेत आणि चीजसाठी भारतात बनलेल्या, सूक्ष्मजीवांपासूनचे रेनेट वापरलेल्या चीजचे पाकीट आतून आणून त्यावरील हिरवा ठिपका आम्हाला दाखवलात. विश्वास ठेवा, असे म्हणणे सोपे होते. पाकीट आणून दाखवणे हे ज्याला समोरच्याच्या व्रताची किंमत कळते त्यालाच सुचते.

सुरुवातीला भाजलेल्या पावावर टोमॅटो आणि हिरवी पाने घातलेली ब्रुस्केता आली, तेव्हा आईचा हात थांबला होता. त्या पानांना तुळशीसारखा वास येत होता, आणि नैवेद्यावर ठेवायची तुळस अशी पावावर चघळायची कशी, हा तिचा प्रश्न होता. “आई, ही वृंदावनातली तुळस नाही, सब्जाचं झाड आहे हे,” असे आपण म्हणालात. ते अगदी खरे आहे. इटालियन स्वयंपाकातील बेसिल म्हणजे ज्याचे बी आपण वैशाखात भिजवून सरबतात घालतो तेच झाड. आईने पान हुंगले, ओळखले, आणि मग समाधानाने खाल्ले.

रिसोत्तो येण्याआधीच आपण तिला सांगून ठेवले होते की, हा तांदूळ लोंबार्दी आणि पिएमोंतेकडील सखल भागात पिकतो, तो धूत नाहीत, कारण धुतल्यास दाण्यावरील पिठूळपणा जातो आणि त्याच्याशिवाय पदार्थ मिळून येत नाही. आणि इटालियन लोक दाण्याच्या मध्यभागी किंचित कणी राखतात. जिने आयुष्यभर भातशेती केली तिला कणी राहिलेला भात वाढणे म्हणजे कच्चे वाढणेच, हे ओळखून आपण विचारलेत, “तीन मिनिटं जास्त शिजवू का?” आई म्हणाली, “तुमच्याकडं जसा करतात तसाच आणा.” तो तिला फार आवडला. आजारपणात आजी करायची त्या तूप घातलेल्या आसट भाताची आठवण तिला झाली, फक्त हा अधिक श्रीमंत होता, असे तिचे मत पडले.

बाबांसाठी आपण तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, स्पॅगेटी सांगितलीत. नेपल्सकडील हा पदार्थ ऑलिव्ह तेल, लसूण, पांढरी वाइन आणि पार्सली एवढ्यावरच होतो, हे ऐकून बाबांना तो अपुरा वाटला होता, कारण ओल्या खोबऱ्याच्या वाटणाशिवाय तिसऱ्या त्यांनी कधी खाल्ल्या नव्हत्या. ताटली आल्यावर त्यांनी प्रथम मिटलेले शिंपले शोधले. एकही नव्हता. वाळूची कचकचही लागली नाही, यावरून आत कोणीतरी तिसऱ्या मिठाच्या पाण्यात नीट भिजवून ठेवल्या होत्या, असा निर्वाळा त्यांनी दिला. शेजारच्या टेबलावर चीज किसून घालताना पाहून त्यांनी आपल्याही ताटलीचे विचारले, तेव्हा इटलीत शिंपल्यांवर सहसा चीज घालत नाहीत, समुद्राची चव त्याखाली दबते, असे आपण सांगितलेत. मासळीबरोबर दूधदुभते नको, या आमच्या घरच्या नियमाशी ते इतके जुळले की बाबांनी इटलीला तिथल्या तिथे मान्यता देऊन टाकली. काट्याला स्पॅगेटी गुंडाळणे त्यांना जमेना, तेव्हा एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या रस्त्यांवर लोक ती हातानेच उचलून खात, असे सांगून आपण हात धुण्यासाठी कोमट पाण्याचा वाडगा आणून ठेवलात. बाबा हाताने जेवले, रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून दुसऱ्यातील गर काढत, घरी जेवतात तसेच, आणि उरलेला रस पावाने पुसून घेतला.

एक गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नव्हती. रिसोत्तोला १८ ते २० मिनिटे लागतात आणि स्पॅगेटीला त्याच्या निम्मी. तरीही दोन्ही ताटल्या एकाच वेळी टेबलावर आल्या. बाबा जेवत आहेत आणि आई रिकाम्या ताटलीपुढे बसली आहे, किंवा आई थांबते म्हणून बाबांचे अन्न निवते आहे, असे झाले नाही. वेगळे खाणाऱ्या माणसाचे ताट नेहमी सर्वांत शेवटी येते, हा आईचा अनेक पंगतींतला अनुभव आहे.

गोडाच्या वेळी पानाकोत्तामध्ये जिलेटिन, तिरामिसूमध्ये कच्चे अंडे आणि पुष्कळदा मद्य, त्यातील बिस्किटातही अंडे, असे आपण मी विचारण्याआधीच सांगितलेत आणि लिंबाचे सोर्बेत आणलेत. ज्या पदार्थाने आईचा बाहेरच्या जेवणावरचा विश्वास उडाला होता, तोच पुन्हा तिच्या पुढ्यात येता येता आपल्यामुळे टळला.

आपल्या मालकांना माझी एक विनंती आहे, ती आपण कृपया पोहोचवावी. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाखाली रेनेट, जिलेटिन, अंडे, मद्य आणि रस्सा कशाचा आहे, हे मराठीतही छापले, तर ज्या दिवशी आपण कामावर नसाल त्या दिवशीही एखादी माळकरी बाई, एखादा जैन किंवा रोजा सोडणारा पाहुणा निश्चिंतपणे जेवू शकेल. आत ज्यांनी आमच्यासाठी वेगळे पातेले चढवले त्या बल्लवांनाही आमचे धन्यवाद सांगावेत. गर्दीच्या शनिवारी हे काम किती अडचणीचे असते याची मला कल्पना आहे.

बुधवारी आपली सुट्टी असते, असे आपण बाबांना म्हणाला होतात. आईबाबांचा निरोप असा आहे की, येत्या कोणत्याही बुधवारी आपण रेवदंड्याला आमच्या घरी जेवायला यावे. आपल्याला काय चालते आणि काय चालत नाही, हे मात्र आधी कळवावे. आईने ते मुद्दाम लिहायला सांगितले आहे. बाबा भरतीओहोटी पाहून तिसऱ्या आणून ठेवतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
त्या दोघांची मुलगी