कोपेलची उरलेली गोष्ट

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री साडेदहा

चि. रेवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री तू फोन ठेवल्यावर आई आणि मी बराच वेळ एकमेकांशी काही बोललो नाही. तुझे शेवटचे वाक्य माझ्या कानात राहिले आहे. "कोपेल असल्याच गुडघ्यावर वर्ल्ड कप खेळला, हे तुम्हीच मला सांगितलेत ना, बाबा?" असे तू विचारलेस आणि मला उत्तर देता आले नाही, कारण ते खरेच मी सांगितले होते. फोनवर माझा आवाज चढतो आणि नको ते बोलून जातो, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे. तुझ्या गुडघ्याविषयी यात काही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे. डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगून झाले आहे. मला फक्त इंग्लंडचा जुना फुटबॉलपटू स्टीव्ह कोपेल याची गोष्ट पूर्ण करायची आहे, कारण ती मी तुला आजवर अर्धीच सांगत आलो.

अण्णाकाकांनी बोटीवरून आणलेल्या मासिकांतला तो फोटो तू पाहिलेला आहेस. लाल जर्सी, उजव्या कडेने धावणारा बुटका, सडपातळ माणूस आणि पुढे रंगाची पट्टी झाल्यासारखा पुसट दिसणारा बचावपटू. तो फोटो मी खळ लावून माझ्या खाटेवरच्या भिंतीला चिकटवला होता आणि घर रंगवताना तुझ्या आजीने तो ओला करून, एकही कोपरा न फाटू देता सोडवून ठेवला. तू पाचसहा वर्षांची असताना रोज रात्री मला तीच गोष्ट सांगावी लागे. 16 जून 1982, बिल्बाओ, इंग्लंड आणि फ्रान्स. कोपेलने उजव्या कडेवरून लांब थ्रो टाकला, बुचरने तो डोक्याने मागे वळवला आणि ब्रायन रॉबसनने अवघ्या सत्ताविसाव्या सेकंदाला गोल केला. तू अंथरुणावर उभी राहून सत्तावीसपर्यंत आकडे मोजायचीस आणि उशी भिंतीवर फेकायचीस. गोष्ट तिथे संपायची, कारण तुला झोप यायची आणि मलाही पुढचे सांगायचे नसे.

आता आधीचे सांगतो. कोपेल लिव्हरपूलचा. शाळा संपल्यावर तो तिथल्याच विद्यापीठात तुझ्या विषयाच्या जवळचाच विषय शिकत होता आणि शिकता शिकता नदीपलीकडच्या ट्रॅनमियर रोव्हर्सकडून खेळत होता. 1975 च्या फेब्रुवारीत मॅनेजर टॉमी डॉकर्टी यांनी त्याला मँचेस्टर युनायटेडसाठी घेतले, तेव्हा युनायटेड दुसऱ्या विभागात घसरलेले होते. 1 मार्चला कार्डिफविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून पहिल्यांदा उतरला, त्या दिवशीसुद्धा तो विद्यार्थीच होता. एवढ्या मोठ्या क्लबचे बोलावणे आले तरी त्याने पदवी सोडली नाही. ती पूर्ण करूनच तो पूर्ण वेळ फुटबॉलकडे वळला. या सत्रात दोन पेपर दिले नाहीत तरी चालेल असे तू आईला म्हणालीस, ते मला कळले आहे. पाय प्लास्टरमध्ये असो की पट्ट्यात, लिहायला हात लागतो, आणि परीक्षेच्या दिवशी मैदानावर असण्याचे तुला काहीच कारण नाही. पुस्तक मिटून ठेवणाऱ्यांची आयुष्ये या गावात मी तीस वर्षे पाहत आलो आहे आणि

हे वाक्य इथेच सोडतो. पुन्हा वाचले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी तुला शिकवणीला बसवले आहे. तू बारावीत किती अभ्यास केलास ते मी पाहिले आहे, पहाटेच्या सरावाहून येऊन मोजेसुद्धा न काढता तू पुस्तक उघडायचीस. रागावू नकोस. पेपरांचे तू ठरव.

कोपेलच्या खेळाविषयी मात्र मला मनापासून लिहायचे आहे, कारण त्यातच तू मला दिसतेस. दुसऱ्या कडेला गॉर्डन हिल होता, प्रेक्षकांना आवडणारा, चेंडूशी लाडाने खेळणारा. कोपेल पळणारा होता. कडेने वर जायचे, क्रॉस टाकायचा, आणि चेंडू गेला की पुन्हा आपल्या फुल-बॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, मदतीला सगळे मैदान ओलांडून मागे यायचे. पुढे गेलेला विंगर परत किती वेळा आला हे पेपरात छापून येत नाही. ते गॅलरीत बसलेल्यालाच दिसते. पहिल्यांदा तुला मोठ्या मैदानावर पाहिले त्या दिवशी तू गोल केलास हे सगळ्यांनी मला सांगितले. मी मात्र आईला घरी येऊन सांगितले की रेवा मागे येते. तेवढा अभिमान मला तुझ्या दहावीच्या निकालाचाही वाटला नव्हता. हे मी तुला त्या वेळी सांगायला हवे होते.

जानेवारी 1977 ते नोव्हेंबर 1981 या काळात तो युनायटेडसाठी लीगचे सलग 206 सामने खेळला. विंगर म्हणजे संघात सर्वांत जास्त लाथा खाणारा माणूस, आणि जवळजवळ पाच वर्षे त्याचा एकही सामना चुकला नाही. त्या काळात संघाने 1977 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला 2-1 असे हरवले, म्हणजे त्याच्याच गावाला. त्याआधी 1976 ला साउदॅम्प्टनकडून हार झाली होती आणि 1979 ला आर्सेनलविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल फेडूनही 3-2 असा घास तोंडातून गेला. इंग्लंडकडून तो 42 सामने खेळला. ही सगळी गोष्ट मी तुला आनंदाने सांगितली असती. मी थांबायचो तो 18 नोव्हेंबर 1981 या तारखेपाशी.

त्या रात्री वेम्बलीवर इंग्लंड आणि हंगेरी यांचा सामना होता. जिंकून इंग्लंडने वर्ल्ड कप गाठला आणि त्याच सामन्यात हंगेरीच्या एका खेळाडूच्या टॅकलने कोपेलचा गुडघा गेला. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. सलग सामन्यांची ती माळ तिथे तुटली. त्याच्यावर उपचार झाले, तो परत आला, आणि तू म्हणतेस तसा तो स्पेनला गेला. तिथे चार सामने खेळला. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या सामन्यानंतर तो गुडघा पुन्हा सुजला. माद्रिदला यजमान स्पेनविरुद्ध जिंकणे भाग होते, तेव्हा तो खेळू शकला नाही. सामना गोलशून्य सुटला आणि इंग्लंड घरी परतले. सत्तावीस सेकंदांची गोष्ट 16 जूनची. हा सामना 5 जुलैचा. मधल्या एकोणीस दिवसांबद्दल मी तुला कधी बोललो नाही.

पुढच्या हंगामातही तो खेळत राहिला. मार्च 1983 मध्ये तो वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात उतरला. मे महिन्यात युनायटेडने एफए कप जिंकला तेव्हा मात्र त्याच्या जागी दुसरा तरुण खेळत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने खेळणे सोडल्याचे जाहीर केले. वय अठ्ठावीस.

गुडघ्याविषयी लिहिणार नाही असे म्हणून मी दोन पाने फक्त गुडघ्याविषयीच लिहिली आहेत. तुझी एमआरआयची फिल्म तू आमच्याकडे ठेवून गेलीस. मी ती रोज सकाळी बँकेत जाण्यापूर्वी खिडकीच्या काचेला लावून पाहतो. मला त्यातले काही कळत नाही. डॉक्टरांनी पेनाने दाखवलेली जागा तेवढी ओळखता येते, जिथे काळी दोरी सरळ जायला हवी तिथे करड्या रंगाचा पुसट डाग आहे. ते म्हणाले होते की सरळ पळताना तुला काही जाणवणारही नाही, पण पाय रोवून आत वळताना तीच दोरी नडगीचे हाड जागेवर धरते. ती नसताना खेळलीस तर आतली गादी फाटेल, आणि दोरी नवी बसवता येते, गादीचे तसे नाही. रेवा, पाय रोवून आत वळणे हाच तर तुझा सगळा खेळ आहे. पुढच्या महिन्यातल्या निवड चाचणीत पट्टा बांधून तू वीस मिनिटे निभावशील, याची मला खात्री आहे. मला भीती एकविसाव्या मिनिटाची आहे.

आता जे लिहायला मी दोन दिवस टाळतो आहे ते लिहितो. त्या सामन्यात तू पडलीस तेव्हा मी गॅलरीत तिसऱ्या पायरीवर होतो. तू गुडघा धरून आडवी होतीस, आणि मी उभा राहून ओरडलो, "ऊठ रेवा, काही झाले नाही." तू माझ्याकडे पाहिलेस आणि उठलीस. तुमच्याबरोबरच्या माणसाने स्प्रे मारून खेळायला हरकत नाही असे सांगितले, हे खरे. पण तू त्याच्याकडे नव्हते पाहिलेस. पुढची वीस मिनिटे तू धावलीस आणि मी टाळ्या वाजवल्या. आईने मला एका शब्दाने बोल लावलेला नाही, म्हणून ते अधिक लागते. रविवारी मी तुझ्यावर ओरडलो तो राग तुझ्यावरचा नव्हता.

बाळूकाकांचे तुला ठाऊकच आहे. शाहू स्टेडियमवर त्यांच्या उजव्या पायाला चार हात कापडाची घडी गुंडाळून मीच खेळायला पाठवत असे, आणि आज ते जिना चढताना कठड्याला दोन्ही हात लावतात. तेव्हा आम्हाला ती मर्दुमकी वाटत असे. मुलींच्या बाबतीत ही दुखापत मुलांपेक्षा अधिक वेळा होते असे मी आता वाचले. तुला बूट घेऊन दिले त्या दिवशी वाचायला हवे होते.

कोपेलची गोष्ट ऑक्टोबर 1983 लाही संपत नाही आणि मला ती तिथे संपवायची नाही. 1984 च्या जूनमध्ये, अठ्ठाविसाव्याच वर्षी, तो क्रिस्टल पॅलेसचा मॅनेजर झाला. 1989 ला त्याने तो संघ पहिल्या विभागात नेला. त्याच सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलने त्यांना 9-0 असे धुतले, आणि सात महिन्यांनी एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्याच लिव्हरपूलला त्यांनी 4-3 असे हरवले. अंतिम सामना युनायटेडशीच, 3-3 बरोबरी आणि फेरसामन्यात एका गोलाने हार. मँचेस्टर सिटीत तो 33 दिवसांत राजीनामा देऊन बाहेर पडला. रेडिंग क्लबला 2005-06 मध्ये दुसऱ्या विभागात त्याने 106 गुण मिळवून दिले, जो त्या विभागातला विक्रम अजून टिकून आहे. मग तो आपल्याकडे आला. 2016 ला केरळ ब्लास्टर्सला अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि कोचीच्या घरच्या मैदानावर पेनल्टींवर हरला. पुढच्या हंगामात तो जमशेदपूरबरोबर बालेवाडीला आला, तेव्हा मी तुला घेऊन गेलो होतो. तू अकरा वर्षांची होतीस आणि तुला पुण्याच्या संघाचा झेंडा हवा होता. कडेच्या रेषेपाशी पांढऱ्या केसांचा एक माणूस उभा होता, तो दाखवून मी म्हणालो, "सत्तावीस सेकंद, तोच हा." तुला खरे वाटले नाही, तुझ्या गोष्टीतला कोपेल म्हातारा होणारा नव्हता. तू मैदानाकडे पाहत होतीस. मी पूर्ण नव्वद मिनिटे त्याच्या पायांकडे पाहत बसलो.

हे सांगून, खेळ गेला तरी पुढे बरेच काही असते असे मी तुला पटवतो आहे, असे समजू नकोस. ते पटण्याचे तुझे वय नाही आणि ते माझे म्हणणेही नाही. मला तू खेळायला हवी आहेस. त्याच्या वेळी गुडघ्याची शस्त्रक्रिया आजच्याइतकी पुढे गेलेली नव्हती. तुला डॉक्टरांनी दुर्बिणीने करू, नऊ महिने द्या, असे सांगितले आहे. पूर्वीइतकी वेगवान होशील असे वचन त्यांनी दिले नाही आणि मी द्यायचा प्रश्नच नाही. निवड चाचणी या वर्षी हुकेल. त्याबद्दल तुला रडू आले तर आईला फोन कर, मला नको, कारण मी पुन्हा उपदेश करीन.

शस्त्रक्रियेची सोमवारची वेळ मी अजून रद्द केलेली नाही. बँकेतून आठ दिवसांची रजा टाकली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे निघू; तुझ्या खोलीचा जिना चढायचा असल्याने आई कुबड्या इथूनच घेऊन येते आहे, त्या बाळूकाकांनी दिल्या आहेत आणि उंची तुझ्या मापाने कमी करून घेतल्या आहेत. तुझे पिवळे बूट आईने धुऊन गच्चीत वाळवले, स्टडमधली माती काडीने काढली आणि त्यात कागदाचे बोळे भरून ठेवले आहेत. ते आणू की इथेच ठेवू, असे तिने तुला विचारायला सांगितले आहे. शुक्रवारपर्यंत कळव.

तुझा,
बाबा