ताई, त्या दोन रात्रींसाठी खूप खूप थँक्यू

ताई,

हे फोनवर पण सांगता आलं असतं, पण फोनवर तू "अगं त्यात काय एवढं" म्हणून मला गप्प करतेस. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण विंडोज ११ टाकायचं की नाही यात अडकलेले अजून खूप जण असतील.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून मला नुसती धाकधूक. अपडेटच्या पानावर हा पीसी ११ साठी चालणार नाही असं आलेलं, त्यामुळे नवीन लॅपटॉप घ्यायचा हे मी मनाशी पक्कंच केलं होतं. तू फक्त विचारलंस, प्रोसेसर कुठला? मी वाचून दाखवलं, आय५-८२५०यू, तर तू लगेच म्हणालीस की अगं हा आठव्या जनरेशनचा आहे, हा चालतो, टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) बंद असेल बघ. आणि खरंच, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी म्हणून एक ऑप्शन होता तो डिसेबल्ड होता. इंटेलच्या मशीनमध्ये टीपीएम या नावाने असतं हे मला कुठून कळणार होतं! तो चालू करून परत चेक केलं तर सगळीकडे हिरव्या टिकमार्क. एका सेटिंगपायी मी चांगला चालणारा लॅपटॉप काढून टाकणार होते गं.

पण खरं थँक्यू बॅकअपसाठी आहे. मी लगेच इन्स्टॉल दाबायला निघाले होते, तू थांबवलंस. मी म्हटलं बॅकअप घेतलाय, आईच्या वह्यांचे स्कॅन पण आहेत त्यात, आत्ताच उघडून बघितले. तू म्हणालीस, ती ड्राइव्ह काढ आणि बाबांच्या कॉम्प्युटरला लावून उघड. मला तेव्हा वाटलं उगाच कशाला, रात्रीचे साडेअकरा झालेत. लावली, फोल्डरवर क्लिक केलं, काहीच उघडेना. नीट बघितलं तर आयकॉनच्या कोपऱ्यात तो छोटा बाण, साइज २ केबी. मी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी केला होता, फोल्डर नाहीच! माझ्या लॅपटॉपवर तो उघडत होता कारण मूळ फाइल्स तिथेच होत्या. आई गेल्यावर तिचं अक्षर तेवढंच राहिलंय आमच्याकडे, अपग्रेडमध्ये काही गडबड झाली असती तर... नको, तो विचार पण नको वाटतो. तू ओरडली नाहीस, हसली नाहीस, फोल्डर परत कॉपी होईपर्यंत फोनवर बसून राहिलीस.

अपग्रेड तसं सरळ झालं. नाही आवडलं तर १० दिवसांच्या आत रिकव्हरीमधून मागे जाता येतं हे तू आधीच सांगितलं होतंस, त्यामुळे दडपण नव्हतं. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर चालतोय की नाही ते पण तू त्या १० दिवसांतच बघायला लावलंस, चालला.

बाबांच्या मशीनचं मात्र तू स्पष्ट नाही म्हणालीस. चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर, आणि चेक चुकवून ११ टाकायचे जुगाड असतात ते मी वाचले होते, पण तू म्हणालीस की टाकता येईल, पुढे अपडेट मिळत राहतील याची गॅरंटी नाही, आणि बाबा त्यावर बँकेचं काम करतात. मला ते शंभर टक्के पटलं. आता त्यांच्या विंडोज १० ला ईएसयू (सपोर्ट संपल्यावरही सिक्युरिटी अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची सोय) चालू केलंय, सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत येतील. तोपर्यंत त्यांच्यासाठी काय घ्यायचं ते तू आणि मी बसून ठरवू, तुला विचारल्याशिवाय मी काही घेणार नाहीये.

आईचे स्कॅन आता दोन ड्राइव्हवर आहेत, दुसरी तुझ्यासाठी केलीय. भेटशील तेव्हा देते.

तुझीच,
धाकटी